पट्टी गाणाऱ्याची

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ठाण्यातल्या कोलशेत रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम चालली होती. गाणारी मुलगी तेरा वर्षांची. गिटारवर तिच्याच विंगमधला दहावीतला मुलगा आणि पेटीवर चौथ्या मजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त झालेले. मुलाने कॉर्ड्स, म्हणजे साथीला एकत्र वाजवायचे स्वरांचे गट, मोबाइलवर शोधून आणल्या होत्या : जी, डी, ई मायनर, सी. गिटार हातात घेतल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत बसतात त्या चार कॉर्ड्स. मूळ गाणं पुरुषाच्या आवाजातलं. मुलीने ते त्याच सप्तकात धरलं तर मुखड्याच्या शेवटी आवाजाची नुसती हवा होत होती आणि एक सप्तक वर घेतलं तर अंतऱ्यात तिच्या गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "मूळ गाण्यासारखंच होऊ दे गं. थोडा जोर लाव, जमेल."

काकांनी भाता सोडला. "जोर कशाला? हिला काळी एक द्या."

मुलाला काळी एक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. काकांनी पेटीवरची पहिली काळी पट्टी दाबून धरली, त्याने ट्यूनर लावून पाहिलं : सी शार्प. मग मोबाइलवरच्या कॉर्ड्सच्या ॲपमध्ये पट्टी चढवणारं अधिकचं चिन्ह सहा वेळा दाबलं आणि पडद्यावर नवीन कॉर्ड्स आल्या : सी शार्प, जी शार्प, ए शार्प मायनर, एफ शार्प. उत्तर बरोबर होतं. पण पोराचा हात गिटारच्या मानेवर तसाच थांबला. चारही बार कॉर्ड्स, म्हणजे प्रत्येक कॉर्डला तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून धरायची. ते त्याला अजून येत नव्हतं. तो काही बोलला नाही, कान मात्र लाल झाले.

माझी भाची त्याच कार्यक्रमात नाचणार होती म्हणून मी तिथे होते. मी गिटार शिकवते, त्यामुळे माझ्या पिशवीत कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, असतोच. तो मी त्याच्या गिटारच्या सहाव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या सहाव्या घरात, लावला आणि म्हटलं, "आता तुझंच जी, डी, ई मायनर, सी वाजव." काकांनी काळी एकचा सूर धरला, गिटार त्यात मिसळली आणि मुलगी मुखड्यापासून अंतऱ्यापर्यंत एकदाही न आवळता गायली.

नंतर लिफ्टपाशी मुलाचे वडील मला म्हणाले, "ही सगळी ॲपची कृपा, मॅडम. पोरांना येत काही नाही, नुसती बटणं दाबतात." नौपाड्यात क्लास घेणारी माझी एक मैत्रीणही याच मताची आहे. तिच्या क्लासमध्ये कॉर्ड्सची पट्टी बदलणारं कुठलंही ॲप उघडायला बंदी आहे. दोघांचंही मुलांवर प्रेम आहे, म्हणून त्यांच्याशी मोकळेपणाने वाद घालावासा वाटतो. माझ्या मते त्या तालमीत ॲपने आपलं काम चोख केलं. चुकलो आम्ही शिकवणारे. मुलाला आम्ही इंग्रजी अक्षरं शिकवली आणि सा शिकवला नाही. आणि त्या बाई चुकल्या, कारण गाण्याची पट्टी गाणाऱ्याच्या गळ्यावरून ठरते ही महाराष्ट्रातल्या कोणत्याही भजनी मंडळाला माहीत असलेली गोष्ट त्या विसरल्या.

हे मला इतकं का लागतं तेही सांगते. नव्वदच्या दशकात मी ठाण्यातल्याच एका शाळेत सातवीत होते. समूहगीताच्या स्पर्धेसाठी संगीताची कॅसेट आणली होती आणि त्या ट्रॅकवर आम्ही गायचं होतं. पट्टी कॅसेटमध्ये बंद. माझा आवाज तेव्हा खालचा होता, वरच्या ओळीला तो फाटायचा. तिसऱ्या दिवशी बाईंनी सांगितलं, "तुझा आवाज चढत नाही, तू मागे उभी राहून नुसते ओठ हलव." स्पर्धेत मी ओठ हलवले. त्यानंतर पंधरा वर्षं मी चारचौघांत गायले नाही. गिटारकडे वळले ती त्यामुळेच, की हात तरी आपला आहे. पुढे कधीतरी घरी एकटीच बसलेली असताना कॅपो इकडून तिकडे सरकवत राहिले आणि तेच गाणं तीन स्वर खाली आणून पूर्ण गायले. आवाज चढत होता. त्याला कुठे चढायचं तेवढं चुकीचं सांगितलं गेलं होतं.

बाईंचा दोष मी धरत नाही. कॅसेटची पट्टी बदलायची तर फीत वेगाने किंवा हळू पळवावी लागते. एक स्वर, म्हणजे पेटीवरची लगेच पुढची पट्टी, चढवायला वेग सुमारे सहा टक्के वाढवायचा, आणि त्याबरोबर लयही तेवढीच धावते. त्या तालमीतल्या मुलीला हवे होते तसे सहा स्वर चढवायचे तर वेग ४१ टक्के वाढवावा लागला असता. त्याला गाणं कोण म्हणेल? बाईंच्या हातात उपायच नव्हता. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे आणि आपण तो वापरू नका म्हणून मुलांना दटावतो.

मुळात ॲप करतं तरी काय? सप्तकात बारा स्वर, वर्षात बारा महिने. सीला चैत्र म्हणा. मग सी शार्प वैशाख, डी ज्येष्ठ, असं ओळीने मोजत गेलं की जी आठवा येतो, म्हणजे कार्तिक. कार्तिकापासून सहा महिने पुढे जा : मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख. झाला सी शार्प. डी ज्येष्ठातून निघून सहा महिन्यांनी मार्गशीर्षात पोचतो, म्हणजे जी शार्पवर. बाकीच्यांचंही तेच. मायनर, सेव्हन्थ ही मागची शेपटं जशीच्या तशी ठेवायची आणि फाल्गुन ओलांडला की पुन्हा चैत्रापासून मोजायचं. सहा हा बाराचा बरोबर अर्धा असल्यामुळे सहा घरं वर जा की खाली या, कॉर्ड्सची नावं तीच येतात. यंत्राच्या पोटात यापेक्षा जास्त काही नाही. हे मोजणं मुलाला एकदा बोटांवर आलंच पाहिजे, त्याबाबत माझी मैत्रीण बरोबर आहे. पण ते आल्यावरही प्रत्येक गाण्याचे तीस-चाळीस कॉर्ड्स वहीत पुन्हा उतरवायला लावणं ही कारकुनी आहे. ती करताना मुलाचा कान बंद असतो. ती वीस मिनिटं त्याने गाणाऱ्याकडे लक्ष देण्यात घालवावीत.

साधनाने कलाकार आळशी होतो, ही भीती आपल्याकडे जुनी आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. आक्षेप खोटा नव्हता. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, तिच्या बारा ठरलेल्या स्वरांत श्रुती, म्हणजे स्वरांमधल्या बारीक जागा, मावत नाहीत, हे कोणताही गवई आजही मान्य करील. तरी त्या तीस-एक वर्षांत महाराष्ट्रातल्या घराघरांत, कीर्तनांत, नाटकांत पेटी वाजतच राहिली, आणि लाखो गळ्यांना स्वराचा पहिला आधार तिनेच दिला. उणीव ओळखून साधन वापरता येतं हे आपल्याच इतिहासात आहे. तिकडे अमेरिकेत गीतकार-संगीतकार अर्व्हिंग बर्लिन पियानो मुख्यतः काळ्या पट्ट्यांवर, एफ शार्पमध्ये वाजवायचा. दुसरी पट्टी हवी असली की तो खास बनवून घेतलेल्या पियानोची दांडी सरकवायचा. त्याचा तसला एक पियानो स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवला आहे. आपली स्केल चेंजर पेटीही हेच करते, आणि ती वाजवणाऱ्या भजनीबुवांना कुणी आळशी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

ॲपच्या उणिवाही गिटारवाल्याला अशाच माहीत हव्यात. सगळ्यात मोठी उणीव त्या तालमीत समोर आली : ॲपला स्वर कळतात, हात कळत नाही.

गिटारच्या मोकळ्या सहा तारा जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावलेल्या असतात. आता जी मेजरचे सात स्वर पाहा : जी, ए, बी, सी, डी, ई, एफ शार्प. सहाच्या सहा मोकळ्या तारा या सातांत बसतात. म्हणून जी पट्टीत गिटार आपोआप खुलते. बोटं तीनच ठेवली तरी उरलेल्या तारा साथ देतात आणि एका कॉर्डवरून दुसरीकडे जाताना मागे काहीतरी गुणगुणत राहतं. सी शार्प मेजरमध्ये काय होतं? त्या सात स्वरांत ई नाही, ए नाही, डी नाही, जी नाही, बी नाही. एकही मोकळी तार उपयोगाची नाही. पडद्यावर नुसती चार नावं बदललेली दिसतात, लाकडावर मात्र सहा तारांवरून आपण शून्यावर आलेलो असतो. म्हणून कॅपो. सहाव्या फ्रेटवर तो चढला की सहाही तारा सहा घरं वर जातात आणि सगळ्याच्या सगळ्या पुन्हा सी शार्पच्या घरात येतात. अर्थात त्याचीही किंमत आहे. तारेची लांबी ७१ टक्क्यांच्या आसपास उरते, आवाज बारीक होतो, मॅन्डोलिनकडे झुकतो. भारदस्त साथ हवी असेल तर कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून सी, जी, ए मायनर, एफ या आकारांत वाजवावं. सूर तोच, आवाज भरलेला. पण एफसाठी बार कॉर्ड यायला हवी. कोणता मार्ग घ्यायचा ते वाजवणाऱ्याची बोटं आणि गाण्याचा स्वभाव बघून ठरतं. हा निर्णय शिकवायचा असतो आणि तो शिकवण्यासाठी ॲप बंद करायची गरज पडत नाही, उघडून समोर ठेवायची पडते.

दुसरी उणीव लिखाणातली. कित्येक ॲप्स वाटेल तिथे शार्पच छापतात. एफ मेजरमध्ये ए नंतर बी फ्लॅट यायला हवा, हे ए शार्प दाखवतात. पट्टी तीच दाबली जाते, पण लिहिताना ए दोनदा आला आणि बी गायब झाला. सरगम शिकलेल्या कुणालाही हे खटकेल. कोमल निषादाला आपण कधी तीव्र धैवत म्हणतो का? सातांची सात नावं, प्रत्येक एकदाच. एवढं मुलाला सांगितलं की ॲपची चूक तो स्वतः पकडतो.

आणि मूळ कॉर्ड्सच चुकीच्या असतील तर त्या बाराही पट्ट्यांत इमानाने चुकीच्याच राहतात. त्यावर औषध कानाचंच.

आपल्या भाषेची म्हणून एक वेगळी अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. नेटवर कॉर्ड्स बहुधा शब्दांच्या वरच्या ओळीत, मधे मोकळ्या जागा सोडून लिहिलेल्या असतात. टाइपरायटरसारख्या सारख्या रुंदीच्या रोमन अक्षरांत हे जमतं. देवनागरीत ‘मी’ची रुंदी वेगळी, ‘क्ष्म’ची वेगळी, वर मोबाइलगणिक फॉन्ट बदलतो. त्यात पट्टी बदलली की ‘जी’चं ‘जी शार्प’ होतं, नाव लांबतं आणि पुढच्या सगळ्या कॉर्ड्स उजवीकडे ढकलल्या जातात. समेवर बदलायची कॉर्ड दोन अक्षरं पुढे जाऊन पडते. नवशिक्या मुलगा ती तिथेच वाजवतो आणि गाणारा अडखळतो. माझ्या क्लासमध्ये हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता गाणं अडखळण्याचं कारण विचारतच नाही, आधी कागद मागते. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिले तर वेगळाच घोळ. ‘ए’ ही हाक अनेकजण E या ज्या एका अक्षराने लिहितात तेच ई कॉर्डचं अक्षर. साधं ॲप त्या हाकेचीही पट्टी बदलून ठेवतं.

यावर इलाज आहे आणि तो जुना आहे. कॉर्डप्रो नावाची लिहिण्याची पद्धत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. तीत कॉर्ड वरच्या ओळीत लिहीतच नाहीत, ज्या अक्षरावर ती पडते त्याच्या आधी चौकोनी कंसात लिहितात. मग फॉन्ट कोणताही असो, पट्टी कितीही बदला, कॉर्ड त्या अक्षराला चिकटून राहते. मराठी गाण्यांच्या कॉर्ड्स नेटवर टाकणाऱ्या हौशी लोकांनी एवढी एक सवय लावून घेतली तर महाराष्ट्रभरच्या पोरांची चुकीची साथ कमी होईल, असं मला अगदी मनापासून वाटतं. त्यासाठी पैसे लागत नाहीत, थोडा धीर लागतो.

आता सा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी काही गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, प्रवेशिका दिलेली असतात. अलंकार पाठ, स्वर ओळखता येतात. गिटारच्या पहिल्या तासाला आपण त्यांना हे सगळं दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवायला लावतो आणि जी, डी, सी घोकायला बसवतो. खरं तर तालमीतल्या त्या चार कॉर्ड्स म्हणजे सा, प, ध, म. सा वरची मेजर, प वरची मेजर, ध वरची मायनर, म वरची मेजर. सा जी वर ठेवला तर जी, डी, ई मायनर, सी. सा काळी एकला नेला तर सी शार्प, जी शार्प, ए शार्प मायनर, एफ शार्प. गाणं तेच राहिलं, फक्त सा हलला. त्या मुलाला हे माहीत असतं तर ॲपची चार अनोळखी नावं पाहून तो गांगरला नसता. आपला सा कुठे गेला एवढंच त्याने पाहिलं असतं.

अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओंमधल्या कलाकारांनी पन्नासच्या दशकाच्या शेवटी हीच युक्ती आकड्यांनी केली. तिथले गायक नील मॅथ्यूज यांनी कॉर्ड्सना एक, चार, पाच असे क्रमांक देऊन लिहायला सुरुवात केली, म्हणजे गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही. ती पद्धत तिकडच्या स्टुडिओंत आजही चालते. आपल्याकडे तेच काम करणारी नावं शेकडो वर्षांपासून आहेत आणि लहान मुलांच्या तोंडी आहेत. ठाण्या-डोंबिवलीच्या किती क्लासेसमध्ये कॉर्डच्या अक्षराशेजारी सा, म, प लिहिलं जातं? मी गेली चार वर्षं लिहिते. पहिले दोन महिने माझ्या क्लासमध्ये ॲप नाही, बोटांवर महिने मोजायचे. तिसऱ्या महिन्यापासून ॲप सगळ्यांच्या हातात, मात्र अट एकच : पट्टी बदलण्याआधी नवीन सा ची कॉर्ड तोंडाने सांगायची, मग बटण दाबायचं. माझ्या मैत्रिणीचा आग्रह आणि माझा आग्रह यांत अंतर आहे ते या तिसऱ्या महिन्याचं. ती म्हणते मुलं तोवर विसरतात. माझा अनुभव तसा नाही.

शाळा आणि स्पर्धा भरवणाऱ्यांशी मात्र मला जास्त कडक बोलायचं आहे. महापालिकेतर्फे ठाण्यात पं. राम मराठे यांच्या स्मृतीनिमित्त संगीत समारोह होतो. तिथे एका गायकानंतर दुसरी गायिका मंचावर येते तेव्हा काय होतं ते आठवा. तानपुरे नव्या पट्टीत लावले जातात, श्रोते पाच-दहा मिनिटं शांतपणे थांबतात, कुणी म्हणत नाही की आधीच्यांच्याच पट्टीत गा. मोठ्या कलाकाराला जो मान आपण न मागता देतो तो तेरा वर्षांच्या मुलीला का नाही? तिचा गळा तर अजून घडतो आहे. मुलग्यांचा याच वयात फुटतो, सहा महिन्यांपूर्वीची पट्टी आज चालत नाही. अशा वयात "मूळ गाण्यासारखं" हा हट्ट धरून पोरांना ओरडायला लावणं घशालाही वाईट आणि मनालाही. काही स्पर्धांच्या नियमांत मूळ पट्टीतच गाण्याची अट मी स्वतः वाचली आहे. ती अट काढून टाकली पाहिजे. परीक्षकांनी सूर, लय, शब्द पाहावेत, पट्टी कोणती याला गुण नकोत आणि वजाबाकीही नको. शाळेत समूहगीत बसवताना पहिल्या दिवशी अर्धा तास फक्त पट्टी शोधण्यात घालवावा : सगळ्यात खालची ओळ आणि सगळ्यात वरची ओळ मुलांकडून गाऊन घ्यावी आणि दोन्ही जिथे न ताणता बसतील तिथे सा धरावा. गिटारवाला असो की की-बोर्डवाला, त्याला त्या पट्टीतल्या कॉर्ड्स ॲप क्षणात देईल. आणि जो एखादा आवाज तरीही बसणार नाही, त्याच्यासाठी खालच्या स्वरांत दुसरी ओळ बांधावी. ओठ हलवायला कुणालाही मागे उभं करू नये.

कोलशेतचा तो मुलगा आता शनिवारी माझ्याकडे येतो. गेल्या आठवड्यात त्याने रात्री मेसेज केला : "ताई, काका म्हणतायत नवीन गाणं काळी तीनवर. ॲपमध्ये एफ शार्प दाखवतंय. कॅपो दुसऱ्यावर लावून ई धरू की चौथ्यावर लावून डी?" मी विचारलं, गाणारी कोण आहे आणि गाणं संथ आहे का. संथ आहे म्हणाला, तीच मुलगी गातेय. मग मी त्याला दोन्ही वाजवून पाहायला सांगितलं आणि कोणत्या साथीवर तिला श्वास घ्यायला जागा मिळते ते तिलाच विचार, असं लिहिलं.